छोट्या मिडवेस्टर्न गावात धंदे कसे येतात आणि का येत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंडियानातल्या एका छोट्या गावात राहतो. दिवसा नोकरी, आणि महिन्यातली एक संध्याकाळ गावाच्या रीडेव्हलपमेंट कमिशनवर (गावाच्या विकासाचं काम बघणारी समिती), बिनपगारी. मंडळाच्या गणपतीत कुणाला तरी हे बोललो आणि तेव्हापासून प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात, काही इथल्याच लहान गावांत राहणाऱ्या मराठी लोकांचे, काही पुण्याहून येणारे. तीच तीच उत्तरं पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी टाकतोय. आधी सोपे प्रश्न, वाकडे प्रश्न शेवटी. एकाच गोष्टीवर दोनदा लिहिलं नाहीये, नंबर दिलेत ते बघा.

१. मिडवेस्ट म्हणजे नक्की कुठला भाग, आणि छोटं गाव म्हणजे केवढं?

अमेरिकेचं जनगणना खातं मिडवेस्टमध्ये १२ राज्यं धरतं: ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, मिसूरी, कॅन्सस, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा. छोटं म्हणजे माझ्या हिशोबाने दोन-तीन हजारापासून २०-२५ हजारापर्यंत. ८ हजार वस्तीच्या गावालाही इथे स्वतःचा मेयर, पोलीस, पाण्याची टाकी, सांडपाण्याचा प्लांट असं सगळं असतं, आणि तो सगळा खर्च त्या ८ हजारांनीच उचलायचा असतो. निम्मी भानगड तिथूनच सुरू होते.

२. गावाला बाहेरून कंपनी आणायची गरजच काय? शेती आहे की.

शेती आहे पण तिला माणसं लागत नाहीत. दोन भाऊ आणि एक कंबाइन मिळून हजारो एकर मका-सोयाबीन काढतात. पोरं कॉलेजला गेली की परत येत नाहीत, शाळेचे वर्ग रिकामे होतात, आणि शाळेला राज्याचा पैसा बराचसा पटसंख्येवर मिळतो. शिवाय प्रॉपर्टी टॅक्स. आमच्या इंडियानात २०१० पासून राज्यघटनेतच कमाल मर्यादा घातलीय, राहत्या घराला किमतीच्या १ टक्का, भाड्याच्या घराला आणि शेतजमिनीला २, बाकी धंद्याच्या प्रॉपर्टीला ३. म्हणजे नुसती घरं आणि शेतं असलेल्या गावाने रस्ते दुरुस्त करायचे कशातून? म्हणून सगळ्यांना कारखाना हवा असतो.

३. हे काम करतं कोण? मेयर? आपल्यासारखी एमआयडीसी असते का?

एमआयडीसी नसते, आणि आपल्या लोकांना हेच पटकन पचत नाही. महाराष्ट्रात १९६२ पासून एमआयडीसी जमीन घेते, प्लॉट पाडते, रस्ते-पाणी आणते आणि उद्योजक तिथे अर्ज करतो. इथे ही सगळी उठाठेव गाव किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) स्वतः करते, तीही शेजारच्या गावाशी स्पर्धा करत. बहुतेक काउंटीत एक इकॉनॉमिक डेव्हलपमेंटची संस्था असते, एक पगारी डायरेक्टर, फार तर एखादी असिस्टंट. त्यांच्या मागे मेयर, कौन्सिल, आमच्यासारखी कमिशनं, आणि हो, वीज कंपनी. वीज कंपन्यांचे स्वतःचे लोक या कामावर असतात कारण कारखाना आला की वीज विकली जाते. वर राज्याची एजन्सी. इंडियानाची आयईडीसी, ओहायोची जॉब्सओहायो वगैरे. जॉब्सओहायोचा पैसा राज्याच्या दारूविक्रीच्या नफ्यातून येतो हे कळल्यावर आमच्याकडच्या एका काकांनी "मग आपण पण हातभार लावू" म्हणून टाळी दिली होती.

४. कंपनी गाव निवडते कशी?

निवडण्यापेक्षा गाळणं जास्त असतं. मोठी कंपनी स्वतः शोधत नाही, साइट सिलेक्टर नावाचे कन्सल्टंट नेमते. ते पाच-सहा राज्यांतल्या पन्नास-शंभर जागा घेऊन बसतात आणि एकेक कारण मिळालं की फुली मारतात.

गावाच्या बाजूने हे कसं दिसतं बघा. शुक्रवारी दुपारी राज्याच्या ऑफिसमधून ईमेल येतो. कंपनीचं नाव नाही, 'प्रोजेक्ट' आणि पुढे काहीतरी फिल्मी नाव. खाली यादी: ६० एकर सलग सपाट जमीन, एकाच मालकाची असेल तर बरं, हायवेपासून १० मिनिटांत, रोज ३ लाख गॅलन पाणी, जवळपास तेवढंच सांडपाणी घ्यायची प्लांटची ताकद, नैसर्गिक गॅसची लाइन किती प्रेशरची, सबस्टेशन किती लांब, जमिनीत पाणथळ भाग आहे का, आधी तिथे काही पुरलंबिरलं होतं का. उत्तर मंगळवारपर्यंत. ज्या गावाकडे हे कागद तयार असतात ते पुढच्या फेरीत जातं, आणि ज्याने "माहिती मागवली आहे, लवकरच कळवतो" असं लिहिलं त्याच्यावर फुली. त्या गावाला बहुतेक वेळा कळतही नाही की आपण कशात होतो.

पुढच्या फेरीत माणसं येतात, आणि अनुभवी सिलेक्टर सांगून यायच्या आधी एकदा गुपचूप चक्कर मारून जातो. मेन स्ट्रीटवर किती दुकानांना कागद चिकटवलेत, शाळेसमोर गवत कापलंय का, सकाळी ७ ला कॅफेत माणसं आहेत का हे सगळं बघून घेतो. सवलतींची बोलणी होतात ती दोन-तीन जागा उरल्यावर, अगदी शेवटी. आपल्याकडचे लोक सुरुवातच तिथून करतात, त्यासाठी प्रश्न ७ वाचा.

५. मग आधी काय तयार ठेवायचं? आमच्या गावाकडे पैसा फारसा नाही.

पैसा कमी असेल तर पहिला खर्च जमिनीच्या कागदांवर. जमीन विकत घ्यायची गरज नाही (चांगल्या मक्याच्या जमिनीला एकरी १० हजार डॉलरच्या वर सहज पडतात, गाव कुठून आणणार), शेतकऱ्याशी ऑप्शनचा करार करायचा. म्हणजे अमुक वर्षांत गिऱ्हाईक आलं तर अमुक दराने विकीन, तोवर पीक माझंच. त्याला दरवर्षी थोडे पैसे मिळतात, गावाला किंमत पक्की मिळते. मग त्या जागेची पर्यावरण तपासणी, माती परीक्षण, पाणथळ जागांचा नकाशा करून ठेवायचा. बऱ्याच राज्यांत अशा जागेला सर्टिफाइड किंवा शव्हल-रेडी, म्हणजे लगेच बांधकामाला तयार, म्हणून शिक्का मिळतो.

दुसरं सांडपाणी. कंटाळवाणा विषय आहे पण मी बघितलेली बोलणी सगळ्यात जास्त इथेच फिसकटतात. पाणी बोअरने मिळतं, पण चीज किंवा मांसाच्या कारखान्याचं सांडपाणी इतकं दाट असतं की छोट्या गावाचा प्लांट एका दमात बसतो, आणि प्लांट वाढवायला परवानगी, बाँड, बांधकाम मिळून काही वर्षं जातात. तोवर कंपनी दुसरीकडे उत्पादन सुरू करून मोकळी.

काही गावं रिकामी शेड बांधून ठेवतात, नुसत्या भिंती आणि छप्पर, फरशी नंतर गिऱ्हाइकाला हवी तशी. चालली तर उत्तम, नाही चालली तर व्याज गावाच्या डोक्यावर. माझं मत, एक बँक किंवा बिल्डर सोबत असल्याशिवाय करू नका.

घरं आणि डेकेअर याबद्दल प्रश्न १० मध्ये लिहिलंय.

६. टॅक्स अबेटमेंट आणि टिफ एकच ना?

नाही, आणि मीटिंगला लोक दोन्ही शब्द मिसळून भांडतात.

अबेटमेंट म्हणजे कंपनीच्या नव्या इमारतीवर किंवा मशिनरीवर जो प्रॉपर्टी टॅक्स लागला असता त्यात काही वर्षं सूट, बहुधा दरवर्षी कमी कमी होत जाणारी. आमच्याकडे नेहमीची कमाल १० वर्षं. कंपनीला हातात पैसे मिळत नाहीत, बिल कमी येतं एवढंच.

टिफमध्ये (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग) कंपनी टॅक्स पूर्ण भरते, फक्त तो जातो कुठे ते बदलतं. समजा एका पट्ट्याची करपात्र किंमत आज १० लाख डॉलर आहे, कारखाना आला आणि ती १ कोटी १० लाख झाली. जुन्या १० लाखांवरचा टॅक्स शाळा, काउंटी, लायब्ररी सगळ्यांना आधीसारखाच जातो, पण वरच्या १ कोटीवरचा टॅक्स वेगळ्या खात्यात जमतो आणि त्यातून त्याच पट्ट्यातले रस्ते, पाणी, गटार करतात किंवा त्यासाठी काढलेले बाँड फेडतात. ही कल्पना १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि आता मिडवेस्टमध्ये गल्लोगल्ली आहे. इलिनॉयमध्ये टिफची मुदत साधारण २३ वर्षं असते. म्हणजे आज पहिलीत गेलेलं पोर कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंत शाळेला त्या वाढीतलं थेट फारसं काही मिळत नाही. म्हणून शाळेचे लोक टिफवर चिडतात आणि त्यांचं चुकत नाही. टिफ छोटा ठेवा, काम झालं की बंद करा. ३०० एकर "पुढेमागे लागतील" म्हणून टिफमध्ये टाकणं हा आळस आहे.

७. सवलत दिली नाही तर कंपनी शेजारच्या गावात जाणारच ना? मग द्यायलाच हवी.

कंपनी तसं म्हणणारच, तिचं ते कामच आहे. कॅलमझू, मिशिगनच्या अपजॉन इन्स्टिट्यूटचे टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा अंदाज असा निघाला की नेहमीच्या सवलतींमुळे निर्णय खरोखर फिरतो अशा कंपन्या १०० मागे २ ते २५. बाकीच्या तशाही आल्या असत्या. आता त्या २५ मधली तुमच्यासमोर बसलीय की ७५ मधली हे ओळखायचं कसं? कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून सगळेच देतात.

याची हद्द बघायची तर कॅन्सस सिटी बघा. शहराच्या मधून राज्याची सीमा जाते, आणि वर्षानुवर्षं कंपन्या सवलत घेऊन सीमेच्या या बाजूकडून त्या बाजूला उडी मारायच्या. एएमसी थिएटर्सने आपलं मुख्यालय मिसूरीतून कॅन्ससमध्ये नेलं, शहर तेच. माणसं तीच, घरं तीच, ऑफिसला जायचा रस्ता फक्त बदलला. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी एकमेकांत तह केला.

माझं मत विचारलं तर रोख किंवा टॅक्स देण्याऐवजी जे गावातच राहील ते द्या. रस्ता, पाइपलाइन, कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगचा कोर्स. कंपनी गेली तरी पाइप कुठे जात नाही.

८. ग्रीन्सबर्गला होंडा आली तशी आमच्याकडे का नाही येणार?

येऊ शकते, लॉटरीही लागू शकते. ग्रीन्सबर्ग म्हणजे इंडियानातलं १०-१२ हजार वस्तीचं गाव, कोर्टाच्या मनोऱ्यावर झाड उगवलंय म्हणून प्रसिद्ध. २००६ मध्ये होंडाने तिथे कारखाना जाहीर केला, ५५ कोटी डॉलर आणि २ हजार नोकऱ्या, २००८ मध्ये गाड्या निघायला लागल्या. इलिनॉय आणि ओहायो दोघांनाही ती हवी होती. पण गाव आय-७४ वर, इंडियानापोलिस आणि सिनसिनाटीच्या मधोमध, आणि होंडा शेजारच्या ओहायोत मेरिसव्हिलला १९८२ पासून गाड्या बनवत होती, म्हणजे सुटे भाग पुरवणारे आधीच टप्प्यात. ती भौगोलिक जागा कुठलंही कमिशन तयार करू शकत नाही.

दुसरी बाजू विस्कॉन्सिनमधल्या माउंट प्लेझंटची. २०१७ मध्ये फॉक्सकॉनने १० अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्या जाहीर केल्या, राज्याने साधारण ३ अब्जांच्या सवलती कबूल केल्या, गावाने कर्ज काढून जमिनी घेतल्या, घरं पाडली, रस्ते रुंद केले. २०२१ मध्ये नवा करार झाला: ६७ कोटी डॉलर, १,४५४ नोकऱ्या, सवलत ८ कोटी. राज्य वाचलं कारण त्याचा बराच पैसा नोकऱ्या आल्यावरच द्यायचा होता. गावाने मात्र आधीच खर्च केला होता. पुढे २०२३ मध्ये त्यातली बरीच जमीन मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी घेतली म्हणून गाव सावरलं. त्यातला धडा कागदावरचा आहे: राज्य आणि गाव एकाच टेबलावर बसले तरी धोका सारखा वाटून घेत नाहीत, तुमच्या वकिलाला तुमच्या बाजूने वाचायला लावा.

९. बाहेरून काहीच नाही आलं तर?

मग गावात जे आहे तिकडे बघा, खरं तर ते आधीच बघायला हवं होतं. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा आहे आणि लोक विचारतात सगळ्यात कमी.

वॉर्सा, इंडियाना, १५-१६ हजार वस्ती. १८९५ मध्ये डेप्यू नावाच्या माणसाने मोडलेल्या हाडांसाठी लाकडाऐवजी वेगळ्या मटेरियलच्या पट्ट्या बनवायला घेतल्या. १९२७ मध्ये त्याच कंपनीचा एक सेल्समन, झिमर, बाहेर पडला आणि त्याच गावात स्वतःची कंपनी काढली. १९७७ मध्ये अजून काही लोकांनी बायोमेट काढली. आज जगात कुठेही गुडघा बदला, पुण्यात का होईना, त्यातला इम्प्लांट वॉर्साच्या एखाद्या कंपनीचा असायची बरीच शक्यता. या तिन्ही कंपन्या बाहेरून कुणी ओढून आणल्या नाहीत, पहिलीतून दुसरी फुटली आणि तिसरीला तोवर गावात कारागीर, सप्लायर सगळं तयार मिळालं.

किंवा थीफ रिव्हर फॉल्स, उत्तर मिनेसोटा, कॅनडाच्या सीमेजवळ, जेमतेम पावणेनऊ हजार वस्ती आणि हिवाळा असा की विचारू नका. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, डिजिकीवरून पार्ट मागवलेत ना? ते तिथून निघतात. १९७२ मध्ये तिथल्याच माणसाने सुरू केलेली कंपनी आणि अजून तिथेच आहे, हायवेपासून लांब असूनही. साइट सिलेक्टरच्या यादीत हे गाव पहिल्याच फुलीत गेलं असतं.

म्हणून डायरेक्टरने पहिलं काम हे करावं की गावातल्या प्रत्येक २०-३० माणसांच्या कारखान्यात जाऊन बसायचं आणि विचारायचं, काय अडतंय. उत्तरं बघा कशी येतात: ट्रक वळायला जागा नाही, थ्री-फेज वीज नाही, मालक ६८ वर्षांचा आणि मुलाला धंदा नकोय. शेवटचं सगळ्यात भीतीदायक, कारण असा धंदा मोठी कंपनी विकत घेते आणि दोन वर्षांनी मशीन ट्रकवर चढतात. त्याच्या फोरमनला कर्ज मिळवून देऊन धंदा त्याच्या नावावर करणं हे २० नोकऱ्या "आणण्या"इतकंच आहे, फक्त फीत कापायला मिळत नाही.

१०. कंपनी येईल हो, पण काम करायला माणसं कुठून?

आता साइट सिलेक्टर हाच प्रश्न जमिनीच्याही आधी विचारतात. घर मिळत नाही, डेकेअरला वेटिंग लिस्ट, मग दुसऱ्या शिफ्टला येणार कोण.

याचं जुनं उत्तर कोलंबस, इंडियाना. आपल्या लोकांना हे गाव माहितीच आहे, डिझेल इंजिनवाल्या कमिन्सचं. कमिन्स पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर आली, तेव्हापासून कोथरूड ते कोलंबस ये-जा चालू आहे. तर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांना अडचण ही होती की चांगले इंजिनियर इंडियानाच्या मक्यात येऊन राहणार कसे. १९५७ पासून कमिन्सच्या फाउंडेशनने सांगितलं की सार्वजनिक इमारतीसाठी आमच्या यादीतला आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आम्ही देतो. सुरुवात एका शाळेपासून झाली. आज त्या गावात जगभरातून लोक इमारती बघायला येतात, आणि टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना १९९० पासून तिथे आहे, अजूनही जपानी कंपन्या आहेत. नुसत्या इमारतींमुळे आल्या असं मी म्हणत नाही, पण शाळा आणि गाव राहण्यासारखं असणं हे मॅनेजरच्या बायकोने बघितलेलं असतं आणि मत तिचं चालतं.

नवं उत्तर ग्रीन्सबर्गचंच. २०२१ मध्ये त्यांनी घरून काम करणाऱ्यांना ५ हजार डॉलर देऊ केले आणि सोबत 'ग्रँडपेरंट्स ऑन डिमांड', म्हणजे गावातली आजी-आजोबा मंडळी पोरं सांभाळतील. हसू नका, ज्यांचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन परत जातात त्यांना यातली किंमत कळते.

आणि डॉक्टर. हॉस्पिटल बंद पडलेल्या गावात कंपनी सहसा येत नाही. कॉनरॅड ३० नावाची योजना आहे, जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरने टंचाईच्या भागात तीन वर्षं काम केलं तर मायदेशी परत जायची अट माफ, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. मिडवेस्टच्या छोट्या गावांत आपले डॉक्टर दिसतात त्यातले बरेच असे आलेत. त्यांना तीन वर्षांनंतर थांबवणं हेसुद्धा गावाचंच काम.

११. सगळं गुपचूप का चालतं? आम्हाला पेपरमधूनच का कळतं?

थोडं कारण खरं आहे: नाव फुटलं की जमिनीचे भाव वाढतात आणि कंपनीच्या जुन्या कारखान्यातल्या कामगारांना कळतं. फॉक्सकॉनचंही कोडनेम होतं, 'फ्लाइंग ईगल'. पण कौन्सिल मेंबरनेच गुप्ततेच्या करारावर सही करायची आणि मग त्यावरच मतदान करायचं हे मला पटत नाही. डेटा सेंटरमुळे हे आता खूप तापलंय, पाणी आणि वीज प्रचंड, कायमच्या नोकऱ्या मात्र इमारतीच्या मानाने फारच कमी. माउंट प्लेझंटच्या शेजारी कॅलेडोनियात २०२५ मध्ये लोक उभे राहिले आणि मायक्रोसॉफ्टने तिथला बेत सोडला. सवलतीचा आकडा मात्र लपत नाही: २०१५ च्या सरकारी हिशोबाच्या एका नियमानुसार, जीएएसबी ७७, सोडून दिलेला टॅक्स वार्षिक हिशोबात दाखवावा लागतो. तुमच्या काउंटीचा रिपोर्ट उघडा, शेवटच्या टिपांमध्ये असतो.

१२. आमचं गाव एकाच कंपनीवर आहे. ती गेली तर?

न्यूटन, आयोवा बघा. मेटॅगचं गाव, वॉशिंग मशीनवाली. २००६ मध्ये व्हर्लपूलने (तीच, जिचा रांजणगावला कारखाना आहे) मेटॅग घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद. गाव हातपाय गाळून बसलं नाही, पवनचक्क्यांची पाती बनवणारी टीपीआय २००८ मध्ये आणली, टॉवर बनवणारी अजून एक आणली, रेसिंगचा ट्रॅक झाला. मग २०२१ च्या शेवटी टीपीआयनेही टाळं लावलं. पेरी, आयोवा, साधारण ८ हजार वस्ती, टायसनचा डुकराच्या मांसाचा कारखाना २०२४ मध्ये बंद, जवळपास १,३०० लोक.

उलट नॉर्मल, इलिनॉयला मित्सुबिशीचा कारखाना २०१५ मध्ये बंद झाला आणि २०१७ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या रिव्हियनने १ कोटी ६० लाख डॉलरला घेतला. फरक हा की इमारत आणि मशिनरी भंगारात जायच्या आत खरेदीदार मिळाला. बंद होणाऱ्या कंपनीशी पहिल्या आठवड्यात बोलायचं ते इमारतीबद्दल. काही कंपन्या प्रतिस्पर्ध्याला विकणार नाही अशी अट घालतात किंवा रिकामी धरून ठेवतात, तेव्हा आधी दिलेल्या सवलतीच्या करारात याबद्दल कलम असेल तर हातात काहीतरी असतं. प्रश्न १६ बघा.

१३. मेन स्ट्रीटवर अर्धी दुकानं बंद आहेत. देशी स्टोअर किंवा रेस्टॉरंट चालेल का, आणि गाव मदत करेल का?

चालेल का याचं उत्तर डोकी मोजून. गावाची वस्ती बघू नका, ३० मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये किती देशी घरं आहेत ते बघा, आणि ती मंडळी तशीही दर पंधरा दिवसांनी इंडियानापोलिस किंवा शिकागोला जातात का तेही. नुसत्या डाळ-तांदळावर अवघड, पण पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला एक कपाट आणि शनिवारी गरम जेवण असं करून तगलेले लोक आहेत.

मदत: अबेटमेंट वगैरे दुकानांना सहसा मिळत नाही कारण गिऱ्हाईक तेच, एका दुकानातून दुसऱ्यात गेलेलं. पण दर्शनी भाग दुरुस्त करायला अनुदान, गावाचा छोटा कर्जनिधी, हे विचारा. मेन स्ट्रीट नावाची चळवळ १९७७ मध्ये तीन गावांत प्रयोग म्हणून सुरू झाली, मॅडिसन इंडियाना, गेल्सबर्ग इलिनॉय आणि हॉट स्प्रिंग्स साउथ डकोटा, आणि आता बहुतेक राज्यांत तिचं ऑफिस आहे. पहिला फोन तिथे करा.

१४. दादा, भोसरीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, ४० माणसं. गिऱ्हाइकं म्हणतात अमेरिकेत काहीतरी उघडा. आमच्यासारख्यांना कुठलं गाव विचारेल का?

विचारेल म्हणजे, मेयर स्वतः विमानतळावर घ्यायला येईल. १५ नोकऱ्या ही ५ हजार वस्तीच्या गावात मोठी बातमी असते. तुमचं गिऱ्हाईक कमिन्स असेल तर दक्षिण इंडियाना, जॉन डियर असेल तर मोलीन, वॉटरलू, डब्यूकच्या आसपास बघा, सप्लायरला गिऱ्हाइकाच्या दोन तासांत राहणं परवडतं.

पहिल्याच वर्षी मशीन लावू नका. आधी गोडाऊन आणि तपासणी, माल पुण्याहून, मग फिनिशिंग, मग हळूहळू बाकीचं. रिकामी शेड भाड्याने घ्या. कामगार दुसऱ्या दिवशी येईल हे गृहीत धरू नका आणि विमा, हीटिंग, वकील यांचा खर्च दुप्पट धरा. केंद्र सरकारचा सिलेक्टयूएसए म्हणून विभाग आहे, तो फुकट माहिती देतो, पण खरी माहिती काउंटीच्या डायरेक्टरकडे. त्याला सवलत किती मिळेल हे पहिल्या ईमेलमध्ये विचारू नका, किती वीज, किती चौरस फूट, किती माणसं, कधी, हे लिहा. तुम्ही तयारीचे आहात हे त्याला लगेच कळतं. व्हिसाबद्दल मी बोलणार नाही, वकिलाला विचारा, पण एका प्रश्नाचं उत्तर खाली आहे कारण ते गावाशी संबंधित आहे.

१५. ईबी-५ ला (पैसे गुंतवून ग्रीन कार्ड) ग्रामीण भागात कमी पैसे लागतात म्हणे. छोटं गाव म्हणजे ग्रामीणच ना?

नेहमी नाही. २०२२ च्या कायद्याने टार्गेटेड भागात (ग्रामीण भाग त्यात येतो) ८ लाख डॉलर, इतरत्र १० लाख ५० हजार, आणि १० पूर्णवेळ नोकऱ्या. ग्रामीण म्हणजे मेट्रो एरियाच्या (शहर आणि त्याला जोडलेल्या काउंटी) बाहेर आणि २० हजार किंवा त्याहून मोठ्या गावाच्याही बाहेर, दोन्ही अटी. चारी बाजूंनी मका असलेलं गाव शेजारच्या शहराच्या मेट्रो काउंटीत येत असेल तर ग्रामीण नाही. कोलंबस इंडियाना तर स्वतःच एक मेट्रो एरिया आहे. शिवाय शेतकी खात्याच्या बिझनेस लोन गॅरंटीची ग्रामीणची व्याख्या वेगळी आहे, तिथे ५० हजार वस्तीपर्यंत चालतं. म्हणजे तेच गाव एका कागदावर ग्रामीण आणि दुसऱ्यावर नाही. ब्रोकरच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि जमीन शेतकऱ्याने विकायला नकार दिला तर गाव जबरदस्तीने घेऊन देईल असं कुणी सांगत असेल तर तेही विसरा: २००५ च्या केलो निकालाने सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली खरी, पण त्यानंतर लोक इतके खवळले की बऱ्याच राज्यांनी कायदे कडक केले, ओहायोच्या कोर्टाने २००६ मध्ये नॉरवुडच्या केसमध्ये नुसता आर्थिक फायदा हे कारण पुरेसं नाही म्हणून सांगितलं.

१६. अबेटमेंट मिळालं, पण नोकऱ्या कमी भरल्या किंवा कंपनी विकली तर पैसे परत द्यावे लागतात का?

करारात काय लिहिलंय त्यावर. आमच्या इंडियानाचं सांगतो. आधी एसबी-१ फॉर्म भरायचा: किती गुंतवणूक, किती नोकऱ्या, किती पगार. कौन्सिलची मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू करायचं. यात धंदेवाले फार अडकतात, काँट्रॅक्टर मोकळा आहे म्हणून मंजुरीच्या आधी पाया खोदतात आणि मग सूट धोक्यात, कौन्सिल माफ करू शकते पण त्यासाठी पुन्हा सुनावणी. पुढे दरवर्षी सीएफ-१ फॉर्म, सांगितलं होतं काय आणि झालं काय. आकडे कमी असले तर कौन्सिल बोलावून विचारतं. मंदी आली, मोठी ऑर्डर गेली अशी कारणं सहसा ऐकून घेतात. फॉर्मच न भरणाऱ्याला सहानुभूती मिळत नाही.

मागची सूट परत घ्यायची तर त्याचं कलम आधीच करारात हवं, नंतर घालता येत नाही. गावाच्या बाजूने असाल तर तीन गोष्टी लिहून घ्या: किती वर्षं थांबायचं, नोकऱ्या मोजताना एजन्सीचे तात्पुरते कामगार धरायचे की नाही (न लिहिल्यास कंपनी धरतेच), आणि कंपनी विकली तर नवा मालक त्याच अटींना बांधील. विकत घेणारे तुम्ही असाल तर सौद्याच्या आधी मागच्या सगळ्या वर्षांचे सीएफ-१ काउंटी ऑडिटरकडून मागवा. सार्वजनिक कागद आहेत, आणि विकणाऱ्याने सांगितलेले कामगारांचे आकडे त्याच्याशी जुळतात का ते एका संध्याकाळी कळतं.